शनिवारचं उधाण

"कुणीही हात लावायचा नाही," अमरदीपने बजावलं. "गाडीलाही नाही आणि मलाही नाही. या फाटकातून निघायचं आणि अख्खी फेरी मारून पुन्हा इथेच यायचं, तेही माझ्या हातांनी. तुम्ही नुसतं मागून चालायचं. आणि गप्प राहायचं."

"चालायचं मला जमेल," श्रुती म्हणाली. "गप्प राहायचं यज्ञेशला जमतंय का बघ."

यज्ञेशच्या तोंडात चकली होती, त्यामुळे निदान ती संपेपर्यंत तरी त्याला जमत होतं. त्याने मान डोलावून शपथ घेतल्यासारखं केलं आणि पिशवीत पुन्हा हात घातला.

अमरदीप तेरा वर्षांचा. पायांनी त्याला जन्मापासून साथ दिली नव्हती, पण हातांनी ती कसर भरून काढली होती. चाकं फिरवून फिरवून त्याचे दंड असे झाले होते की शाळेतली कबड्डीची पोरं त्याच्याशी पंजा लढवायच्या भानगडीत पडत नसत. चाकाच्या खुर्चीला तो 'गाडी' म्हणायचा, म्हणून सगळेच तिला गाडी म्हणत. श्रुती त्याची चुलत बहीण, दिवाळीच्या सुट्टीत भांडुपहून आलेली. आणि यज्ञेश म्हणजे शेजारच्या आंब्याच्या बागेतला मुलगा. अभ्यासात बेताचा, खाण्यात पहिला आणि थापा मारण्यात नामांकित.

त्यांचं खारवठार हे गाव रत्नागिरीपासून फार लांब नाही. खाडीच्या काठाला डोंगर उतरतो आणि त्या उतारावर घरं आहेत. त्यामुळे गावात जिकडे जावं तिकडे पाखाडी, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट. शाळेला पाखाडी, दुकानाला पाखाडी, बुद्धविहारालाही पाखाडीच. अमरदीप लहानपणापासून त्या सगळ्या पाखाड्या बाबांच्या पाठीवरून चढला-उतरला होता. लहान असताना त्याला मजा वाटायची. आता मिसरूड फुटायच्या वयात बापाच्या पाठीवर बसून वाण्याकडे जायचं म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

म्हणून खाजणाभोवतीची ती फेरी त्याचा जीव की प्राण होती. गावाबाहेरचं हे खाजण, म्हणजे खाडीलगतची पाणथळ जागा, पूर्वी कचऱ्याने आणि राडारोड्याने बुजलं होतं. गावाने दोन वर्षं खपून ते साफ केलं, काठाने तिवरांची झाडं लावली, खाडीचं पाणी आत-बाहेर खेळतं केलं आणि पाखरं परत आली. मग त्याच्याभोवती वाट झाली. जांभ्याच्या चिऱ्यांवर गुळगुळीत कोबा, एकही पायरी नाही, मध्ये मध्ये बाकडी, कठडा असा की बसलेल्यालाही पलीकडचं दिसावं. म्हातारी माणसं, कडेवर पोर घेतलेल्या बाया, सगळ्यांना झेपेल अशी. साऱ्या खारवठारात अमरदीपला कुणाच्याही मदतीशिवाय फिरता येईल अशी ही एकच जागा होती.

तर अशी ही फेरी शनिवारी दुपारी, बाबांनी फाटकाशी सोडल्यावर, सुरू झाली. पहिला टप्पा झकास गेला. कठड्यावर खंड्या बसला होता, त्याने श्रुतीला फोटो काढू दिला आणि मगच उडाला. दुसऱ्या वळणावर मात्र अमरदीपने चाकं थांबवली.

"चिखल कुठे गेला?" तो म्हणाला.

"चिखल नाही म्हणून कुणी तक्रार करतं का?" श्रुतीने विचारलं.

"इथे करतात. या वळणाला चिखलाचं मैदान असतं. त्यात शेकाटे चरतात, लाल काटकुळ्या पायांचे. तुला तेच दाखवायला आणलं होतं."

समोर चिखलाचा पत्ता नव्हता. सगळं खाजण काठोकाठ भरलं होतं आणि मधोमध चार हंस तरंगत होते. हंस पांढरेशुभ्र, चोची नारंगी, पोटात दोन-दोन माणसं बसलेली आणि पायडल मारणारी. या दिवाळीतच गुरुप्रसादकाकांनी या होड्या आणल्या होत्या. त्यांचं पाहुण्यांसाठी बांधलेलं घर शेजारीच होतं. शनिवार-रविवारी तिथे शहरातले लोक येत, हंसाच्या पोटात बसत आणि खऱ्या पाखरांकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत.

वळणाच्या पुढे वाट थोडी खोलगट होती. तिच्यावर पाणी चढलं होतं.

"वळूया," यज्ञेश म्हणाला. चकल्या संपल्या होत्या.

"वीतभर तर पाणी आहे," अमरदीप म्हणाला आणि त्याने जोर लावला.

हा त्याचा हट्ट, आणि तो त्याला भोवला. पाण्याखाली गाळ बसला होता. पुढची छोटी चाकं त्यात रुतली, गाडी कलली आणि अमरदीपचा एक हात कोपरापर्यंत पाण्यात गेला. यज्ञेशने मागून धरलं म्हणून तो पडला नाही. दोघांनी ओढून पाहिलं. गाडी हलेना. श्रुती घाबरली आणि तिने मोठ्याने हाका मारल्या.

मग काय, गर्दी जमायला वेळ लागतो का? फाटकावरचे भिकाजीकाका धावत आले. गुरुप्रसादकाका गळ्यात शिट्टी अडकवून आले. हंसातले लोक माना वळवून बघू लागले, एकीने तर फोन काढला. दोघा काकांनी अमरदीपला गाडीसकट उचललं आणि खाडी आणि खाजणामधल्या बांधावरच्या कोरड्या बाकड्याजवळ नेऊन ठेवलं. अमरदीपने डोळे मिटून घेतले होते. हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं आणि आता अर्ध्या गावाने त्याला उचललं होतं.

"मी काय करू?" भिकाजीकाका सगळ्यांना सांगत होते. "पानी चढलं. उधान हाय, दुसरं काय."

"समुद्रापुढे कुणाचं चालतं?" गुरुप्रसादकाकांनी री ओढली. "गेल्या आठवड्यात अमावास्या झाली, तेव्हापासून असंच चाललंय. मी तर म्हणतो ही वाटच चुकीच्या जागी झाली."

तेवढ्यात स्कूटरवरून सरपंच कमलाताई आल्या. कमलाताईंचा स्वभाव असा की काम पुढ्यात आलं की ते उरकल्याशिवाय चहाला हात लावायच्या नाहीत. त्यामुळे गावाची कामं भराभर होत, आणि कधी कधी नको ती कामंही भराभर होत. त्यांनी अमरदीपच्या ओल्या बाहीकडे पाहिलं, वाटेवरच्या पाण्याकडे पाहिलं आणि निकाल दिला.

"हे लागोपाठ दुसऱ्यांदा झालं. उद्या कुणी बुडालं म्हणजे? सोमवारी वाटेला साखळी लावायची. पाटी करून घ्या. दिव्यांगांच्या सुरक्षिततेसाठी मार्ग बंद."

"ताई, नको," अमरदीप म्हणाला.

"तुझ्यासाठीच करतेय बाळा." त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्कूटर वळवली.

अमरदीपला रडू आलं नाही, राग आला. वाट बंद होणार ती त्याच्या नावाने. सगळं गाव म्हणणार, सहदेव गुरुजींचा मुलगा रुतला म्हणून बंद झाली. आणि पुन्हा आयुष्यभर पाखाडी आणि बाबांची पाठ.

श्रुती रुमालाने चाकं पुसत होती. यज्ञेश काहीतरी विनोद शोधत होता आणि त्याला सापडत नव्हता. अमरदीप बांधापलीकडे खाडीकडे तोंड करून बसला होता, कारण त्याला खाजणाकडे बघायचंच नव्हतं. आणि म्हणूनच त्याला ते दिसलं.

"यज्ञेश, त्या होड्या बघ."

"हंसांचं नाव काढू नको आता."

"हंस नव्हेत मेल्या. खाडीतल्या. मासेमारीच्या."

यज्ञेशने पाहिलं. ओहोटीने खाडीचं पाणी पार मध्याला गेलं होतं आणि काठच्या सगळ्या होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. दोन बाया कमरेला टोपल्या बांधून तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, वेचत होत्या.

"सुकती आहे," यज्ञेश म्हणाला. "मग?"

"खाडी रिकामी आणि खाजण तुडुंब? उधाण कुठल्या वाटेने आलं? आकाशातून?"

श्रुती दोघांकडे आळीपाळीने बघू लागली. "मला कुणी समजावून सांगेल का? भांडुपला खाडी आहे, पण आम्ही तिची चौकशी करत नाही."

"सोपं आहे," अमरदीप म्हणाला. खारवठारची पोरं तिसऱ्या वेचायला कधी जायचं ते त्यालाच विचारत, त्यामुळे हा हिशेब त्याच्या जिभेवर होता. "भरतीची वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करायची. आज अष्टमी. आठाची पाऊणपट किती?"

"सहा."

"म्हणजे सकाळी सहाला भरती, संध्याकाळी सहाला भरती. मग दुपारी बाराला?"

"ओहोटी," श्रुती म्हणाली. "अगदी तळाला गेलेली."

"आणि त्यातून अष्टमीचा भांग. अमावास्या-पुनवेला उधाण असतं, तेव्हा भरती सगळ्यात मोठी. अष्टमीला सगळ्यात लहान, तोच भांग. लक्ष्मीपूजनाला अमावास्या होती. त्या दिवशी भर दुपारी, ऐन भरतीला, मी आणि यज्ञेश याच वळणावर होतो. वाट कशी होती रे?"

"ठणठणीत कोरडी," यज्ञेश म्हणाला. आता त्याचेही डोळे मोठे झाले होते. "मी खाली बसून अनारसे खाल्ले."

"दुसऱ्या दिवशी शनिवार, पाणी चढलं. रविवारी होतं. सोमवारी उतरलं. आठवडाभर कोरडं. आज पुन्हा शनिवार, पुन्हा पाणी. समुद्राला तिथी कळते रे, वार कळत नाही. शनिवार-रविवार कुणाला कळतो?"

"शाळेला," यज्ञेश म्हणाला.

"आणखी?"

तिघांच्या माना एकदमच हंसांकडे वळल्या. गुरुप्रसादकाका शिट्टी फुंकून नव्या पाहुण्यांना रांगेत उभं करत होते.

खाडीचं पाणी खाजणात येतं-जातं ते उघाडीतून. उघाडी म्हणजे बांधातली मोरी. तिच्या खाडीकडच्या तोंडाला लाकडी झडप असते, वरून बिजागऱ्यांवर टांगलेली. भरती चढू लागली की थोडं पाणी आत येतं, मग जोर वाढला की पाणीच झडपेला ढकलून मिटवतं, सुकती लागली की आतलं पाणी तिला उघडून बाहेर पडतं. माणसाने काही करावं लागत नाही. उघाडी बांधाच्या पार टोकाला होती आणि तिथली पायवाट एका माणसापुरती, दगडधोंड्यांची. गाडी तिथे जाणं शक्य नव्हतं.

"तुम्ही जा," अमरदीप म्हणाला. "श्रुती, तुझ्या फोनवरून मला व्हिडिओ कॉल लाव. मी इथून बघतो. घसरू नका."

दोघं गेले. बाबांचा जुना फोन अमरदीपच्या गाडीच्या पिशवीत असायचाच. त्यात आधी श्रुतीची चप्पल दिसली, मग आकाश, मग यज्ञेशचा गुडघा आणि एकदाची उघाडी दिसली.

"झडप मिटलेली आहे," फोनमधून श्रुतीचा आवाज आला.

"सुकतीला मिटलेली? उघडी हवी. आतून एवढं पाणी रेटतंय. नीट बघ, काय अडकलंय का?"

फोन खाली गेला. "एक जाड वासा आहे. बाहेरून झडपेला टेकवून दगडात घट्ट ठोकलाय. आणि वर एक नायलॉनची हिरवी दोरी लोंबतेय, झडपेच्या कडीला बांधलेली."

अमरदीपच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भरती चढताना दोरीने झडप वर उचलून ठेवायची, म्हणजे पाणी आत. खाजण भरलं की झडप खाली सोडायची आणि वासा ठोकायचा, म्हणजे पाणी आतच. हंस तरंगले. रविवारी संध्याकाळी पाहुणे गेले की वासा काढला, संपला विषय.

"हंस कशाने बांधलेत?" त्याने विचारलं.

फोन गर्रकन वळला. लांबवर काठाशी रिकामा हंस हिरव्या दोरीने खुंटाला बांधलेला होता.

"काढू का वासा?" यज्ञेशचा हात दिसला. "दोन दणक्यांत निघेल."

"नको. हात लावू नको. परत या."

दोघं परत आले ते तणतणतच. यज्ञेशचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता कमलाताईंना आणून दाखवायचं. अमरदीपने मान हलवली.

"दाखवलं तर काका म्हणतील, वासा पोरांनीच ठोकला. तुझी ख्याती काय आहे?"

यज्ञेशने यावर वाद घातला नाही. मागच्या वर्षी त्याने बागेत बिबट्या पाहिल्याचं सांगितलं होतं आणि वनखात्याची गाडी आली होती. बिबट्या म्हणजे त्याच्या मामाची घोंगडी निघाली.

"मग?" श्रुतीने विचारलं.

"मग काकांनीच सांगितलं पाहिजे. त्यांच्या तोंडाने, ताईंच्या समोर. ताई सोमवारी येणार. पण रविवारी संध्याकाळी हे पाणी सोडतील, वासा गायब. सोमवारपर्यंत पाणी राहायला हवं." अमरदीपने बोटांनी चाकावर ताल धरला. "यज्ञेश, तुमच्याकडे कोल्हापूरचे पाहुणे आलेत ना?"

"दहा जण. तीन दिवस झाले, मला झोपायला जागा नाही."

"ते कधी जाणार?"

"मंगळवारी. मावशी सारखी म्हणतेय, पोरांना त्या हंसात बसवायचंय. पण रविवारी त्यांचं पावसला जायचं ठरलंय."

अमरदीप हसला. रुतल्यापासून पहिल्यांदाच. "म्हणजे खोटं काहीच बोलायला नको. जा, काकांना विचारून ये. सोमवारी दुपारी एक वाजता चालेल का म्हणून. आणि पाण्याचं विचारायला विसरू नको."

यज्ञेश गेला. बांधावरून दोघांना ऐकू येत होतं.

"सोमवारी?" गुरुप्रसादकाका म्हणाले. "सोमवारी आपलं बंद असतं रे."

"मग राहिलं. दहा माणसं होती. मावशी म्हणत होती, कोल्हापुरात जाऊन सगळ्यांना सांगीन म्हणून."

"थांब, थांब. दहा?"

"पण काका, सोमवारी पाणी उतरलेलं असतं ना?"

गुरुप्रसादकाकांनी गॉगल कपाळावर सरकवला आणि यज्ञेशच्या पाठीवर थाप मारली. "तू माणसं आण. पाण्याचं मी बघतो."

संध्याकाळी घरी मात्र वेगळंच झालं. सहदेव गुरुजींना, म्हणजे अमरदीपच्या बाबांना, सगळी हकिकत कळली होती. ते गाडीची चाकं उघडून गाळ काढत बसले होते. "ताई बरोबर बोलल्या," ते मान वर न करता म्हणाले. "तुला काही झालं असतं तर? मी आहे ना न्यायला-आणायला."

"बाबा, तुम्ही किती वर्षं नेणार?"

गुरुजींचे हात थांबले.

"सोमवारी दुपारी फक्त या," अमरदीप म्हणाला. "शाळेला सुट्टीच आहे. या आणि बघा. मग ठरवा."

सोमवारी एक वाजता खाजणापाशी जत्रा भरली. कमलाताई पंचायतीतल्या दोघा सदस्यांना घेऊन आल्या. भिकाजीकाकांच्या हातात साखळी होती आणि बगलेत पाटी, शाई अजून ओली. गुरुजी आले. कोल्हापूरची मंडळी टोप्या घालून आली. गुरुप्रसादकाका हंस पुसून तयारच होते, पण सरपंचांना पाहून त्यांचा चेहरा जरा उतरला.

खाजण काठोकाठ भरलेलं होतं. वळणावर वाट पाण्याखाली.

"बघा ताई," गुरुप्रसादकाकांनी लगेच सावरून घेतलं. "आज सोमवार, तरी उधाण हटत नाही. लावा साखळी. पोरांचा जीव महत्त्वाचा."

"ताई, साखळी लावायच्या आधी एकदा बांधावर येता?" अमरदीप म्हणाला. चढ तो स्वतःच्या हातांनी चढला. कमलाताईंना मागोमाग जावंच लागलं, आणि त्यांच्या मागे सगळी जत्रा.

बांधापलीकडे खाडी उताणी पडली होती. होड्या चिखलात, आणि एक कुत्रा पार मधल्या धारेपर्यंत चालत गेलेला.

"ताई, आज तिथी कुठली?"

कमलाताई खाडीवरच लहानाच्या मोठ्या झालेल्या. अंगठा बोटांच्या पेरांवरून आपसूक फिरला. "दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे आत्ता..." अंगठा थांबला. त्यांनी खाडीकडे पाहिलं, मग वळून खाजणाकडे, मग पुन्हा खाडीकडे. "आत्ता सुकती. मग हे पाणी कसलं?"

"तेच विचारायचं होतं," अमरदीप म्हणाला. "शनिवारी अष्टमी होती. भांगाच्या दिवशी, भर सुकतीला मी पाण्यात रुतलो. आणि अमावास्येला वाट कोरडी होती."

भिकाजीकाकांनी पाटी खाली ठेवली. "आयला, खरंच की," ते पुटपुटले. "आमी आपलं उधान उधान करत बसलो."

"उघाडी जाम झाली असेल," गुरुप्रसादकाका घाईघाईने म्हणाले. "गाळ अडकला असेल. जुनी झाली ना. मी माणूस पाठवून बघून घेतो, तुम्ही कशाला उन्हात उभ्या?"

उत्तर तसं पटण्यासारखं होतं. पंचायतीतल्या एकाने मानही डोलावली. श्रुतीने यज्ञेशचा दंड घट्ट धरला.

आणि तेवढ्यात यज्ञेशची मावशी पुढे झाली. तिला तिथी, उघाडी यातलं काही कळलं नव्हतं. तिला हंसात बसायचं होतं. "अहो, पण पाणी भरपूर आहे की. आमचा यज्ञेश उगीच घाबरवत होता, सोमवारी पाणी नसतं म्हणून. मी म्हटलं, त्यांनी शब्द दिलाय, ते बघतील."

कौतुक ऐकलं की गुरुप्रसादकाकांचा स्वतःवरचा ताबा सुटायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यांची छाती फुगली. "मग? दिला शब्द म्हणजे दिला. शनिवारपासून एक थेंब बाहेर जाऊ दिलेला नाही तुमच्यासाठी."

लांब खाडीतला कुत्रा भुंकला. गुरुप्रसादकाकांनी आपणच बोललेलं आपल्या कानांनी ऐकलं आणि त्यांची छाती हळूहळू खाली आली.

"गुरुप्रसाद," कमलाताई शांतपणे म्हणाल्या. त्या शांत झाल्या म्हणजे ऐकणाऱ्याने समजून असावं. "चल, मला उघाडी दाखव."

साडीचा पदर खोचून त्या दगडधोंड्यांतून पुढे गेल्या. थोड्या वेळाने लाकडावर घाव घातल्याचा आवाज आला. वासा ज्याने ठोकला होता त्यालाच त्यांनी काढायला लावला होता. मग जोराची सळसळ झाली आणि गढूळ पाणी खाडीकडे उसळून निघालं.

"मी काही कुणाचं वाईट केलं नाही," परत येताना गुरुप्रसादकाका म्हणत होते. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "दोन दिवस जरा पाणी जास्त ठेवलं, एवढंच."

"एवढ्यानेच माझी गाडी रुतली," अमरदीप म्हणाला. "आणि वाट बंद होणार होती, माझ्या नावाने."

गुरुप्रसादकाकांनी त्याच्याकडे पाहिलं. शनिवारी त्याला उचलताना त्यांना फक्त घाई होती, गिऱ्हाईकं बघत होती म्हणून. आता त्यांना नीट दिसला तो. "चुकलो रे," ते म्हणाले.

त्यानंतरचा वेळ कामात गेला. पाणी उतरत गेलं तशी वळणावरची वाट वर आली, गाळाने माखलेली. कमलाताईंनी खराटे मागवले. पंचायतीतले दोघं, भिकाजीकाका, कोल्हापूरची मंडळी, सगळ्यांनी मिळून कोबा धुऊन काढला. सगळ्यात जास्त गाळ गुरुप्रसादकाकांनी ओढला. त्यांचे हंस चिखलात तिरके बसले होते. ते आता खाडीतल्या धक्क्यावर न्यायचे आणि भरती असेल तेव्हाच चालवायचे, असं ठरलं. मावशीला आतल्या चिखलात उतरलेला पहिला शेकाट्या दिसला आणि ती हंस विसरून गेली.

कमलाताईंनी हात धुतले आणि त्या अमरदीपसमोर येऊन उभ्या राहिल्या. "मी खाडीवरची, मला बोटांवर हिशेब येतो. तरी मी उधाण म्हटल्यावर उधाण मानलं. तुम्ही तिघांनी डोकं चालवलंत, आणि कुणाचा अपमान न करता चालवलंत. गावाच्या वतीने शाबासकी देते. यापुढे ही वाट उघडायची की बंद करायची, हे आधी तुला विचारून." मग त्या यज्ञेशकडे वळल्या. "आणि तुझ्या बिबट्याचं मी आजपासून विसरले."

यज्ञेशचे कान लाल झाले. श्रुतीने त्याचा फोटो काढला.

"मग, राहिलेली फेरी?" अमरदीप म्हणाला.

"चल, मी येतो," गुरुजी सवयीने उठले. कमलाताईही सवयीने म्हणाल्या, "जा, कुणाला तरी सोबत..." आणि मध्येच थांबल्या. श्रुती आणि यज्ञेश चालायला निघाले होते, तेही थांबले.

गुरुजींनी मुलाकडे पाहिलं. वळणापलीकडे तिवरांची दाटी होती. तिथून पुढे वाट दिसत नव्हती. ते परत बाकड्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. "जा," ते म्हणाले.

अमरदीप निघाला. धुतलेल्या कोब्यावर चाकं सरसर चालत होती. वळण आलं, खोलगट जागा आली, गेली. मग तिवरांनी मागचं सगळं झाकून टाकलं. मागे माणूस नाही, पुढे माणूस नाही. तेरा वर्षांत पहिल्यांदाच तो कुणालाही दिसत नव्हता. त्याला थोडी भीती वाटली, आणि ती भीती त्याला फार आवडली. त्याने हात थांबवले आणि तो तिथेच बसून राहिला.

फाटकाशी येऊन सगळे ताटकळले होते. गुरुजी चार वेळा उठले आणि चार वेळा बसले. शेवटी दुसऱ्या बाजूच्या वळणावर गाडी दिसली. घामाने डबडबलेला अमरदीप सावकाश, मजेत येत होता.

"एवढा वेळ?" गुरुजी पुढे धावले. "काय झालं? कुठे थांबलास?"

आजवर सगळे कुठून कुठून फिरून यायचे आणि अमरदीपला सांगायचे, तिकडे हे होतं, तिकडे ते होतं. तो ऐकून घ्यायचा. आज सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"बसा बाबा," तो म्हणाला. "तिकडे काय काय होतं ते सांगतो."

आणि गुरुजी बसले.